सिब्रांतांची डावी बाजू

फेमकेमावशीने दोन्ही हात एप्रनला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि मगच कागद हातात घेतला. तो खिडकीशी नेऊन तिने लांब धरला, मग जवळ धरला. हळूहळू तिचा चेहरा असा खुलला की दाराशी उभ्या असलेल्या योरिसच्या जिवात जीव आला.

“हेच,” ती म्हणाली. “अगदी हेच. आता तोंड उघडतील आणि बोलायला लागतील.”

कागदावर तिचे यजमान होते. हार्लेममधल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचे उपदेशक सिब्रांत. गोल टोपी, साधी पांढरी कॉलर, आखूड दाढी, भरलेले गाल, आणि पुढचा शब्द सुचल्यासारखे किंचित उघडलेले ओठ. योरिसने हा चेहरा तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेखला होता, तेजाबाकडून त्या रेघा खोल करून घेतल्या होत्या आणि त्यांत शाई भरून हा पहिला छाप काढला होता. घरच्यांनी मान डोलावली की मंडळीतल्या घराघरांसाठी आणखी छाप निघायचे होते.

“अहो, बघा तरी,” म्हणत मावशीने कागद खुर्चीत बसलेल्या नवऱ्यापुढे धरला.

सिब्रांतांनी बराच वेळ पाहिले. त्यांचा उजवा डोळा कागदावरून फिरत होता. डाव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली होती, तशीच ती मागच्या शरदापासून होती.

“नाही,” ते म्हणाले.

त्या शरदात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावे अंग गेले. बोलणेही गेले. राहिले फक्त दोन शब्द, हो आणि नाही. गावात लोक ही गोष्ट आवाज खाली आणून सांगत. कारण मेनोनाइट माणूस शपथ घेत नाही, न्यायाधीशापुढेही नाही, आणि सिब्रांत जन्मभर हेच शिकवत आले होते की आपला हो हा हो असावा आणि नाही हा नाही. ज्याच्या रोजच्या बोलण्यावर भरवसा नसतो त्यालाच शपथ लागते. आता देवाने त्यांचे सगळे बोलणे चाळून नेमके तेवढेच खाली ठेवले, असे लोक म्हणत. मावशीला हे मुळीच खपत नसे. “देवाला चाळायचंच होतं तर त्या शेजारच्या बडबड्या पाववाल्याला चाळायचं,” ती म्हणे.

“नाही म्हणजे?” तिने आता विचारले. “उजेड कमी पडतोय का तुम्हाला? योरिस, तू जरा सरक बघू. उजेड अडवून उभा आहेस.”

योरिस सरकला. उजेडात काही फरक पडला नाही. खिडकीच्या खालच्या झडपा बंदच होत्या.

“नाही,” सिब्रांत पुन्हा म्हणाले. शांतपणे, रविवारी म्हणायचे तसे.

योरिसचे कान तापले. एकोणिसाव्या वर्षी याच माणसाच्या ओंजळीतले पाणी त्याच्या डोक्यावर पडले होते, बाप्तिस्म्याचे. तेव्हापासून या तोंडून नकार आला की त्याला आपण काहीतरी चोरल्यासारखे वाटे. आणि खरे सांगायचे तर या वेळी त्या वाटण्यात तथ्य होते. हा चेहरा त्याने समोर बसलेल्या माणसावरून काढलेलाच नव्हता. दहा वर्षांपूर्वी काढलेले एक खडूचे चित्र त्याच्याजवळ होते, त्यावरून काढला होता. मंडळीतले वडीलधारे चित्राची गोष्ट घेऊन आले तेव्हा मावशीने एकच अट घातली होती, आजार दिसता कामा नये. योरिसने ती आनंदाने मान्य केली. त्यालाही जुनाच चेहरा हवा होता.

मावशीचा आजाराशी चाललेला लपंडाव त्याला ठाऊक होता. भेटायला येणाऱ्यांना ती उंबऱ्यावरूनच “आत्ताच डोळा लागलाय” म्हणून परत पाठवी. स्वतः बसायची ती नेहमी नवऱ्याच्या उजव्या अंगाला, आणि बोलायची ती उजव्या डोळ्याशी. आणि फळीवरची तिची तांब्याची भांडी! हार्लेममधली बाई एक वेळ नवऱ्याला उपाशी ठेवील, पण तांब्यावर डाग राहू देणार नाही. फेमकेमावशीच्या किटल्या मात्र काळवंडल्या होत्या, काठांना हिरवी झाक आली होती, आणि आळीतल्या बायका त्याबद्दल कुजबुजत होत्या. मेनोनाइट घरात आरसा नसतोच. झटक्यानंतर आठवड्याभराने सिब्रांत एका लखलखीत किटलीपुढे थबकलेले तिला दिसले, आणि त्या दिवसापासून तिने घासणी खाली ठेवली.

“त्यांना कळायला नको,” तिने योरिसला सांगितले होते. “माझं नाव खराब झालं तरी चालेल.”

सिब्रांतांनी उजवा हात उचलला आणि मावशीच्या हातातल्या कागदावर ठेवला. त्यांच्या रुंद तळव्याखाली कागदावरच्या चेहऱ्याची एक बाजू झाकली गेली, डावी. त्यांनी योरिसकडे पाहिले. मग काठी घेऊन ते उठले, पाय ओढत खिडकीपाशी गेले आणि चांगल्या हाताने खालच्या झडपेची कडी काढली. मार्चचा पांढरा उजेड सगळ्या फरशीवर पसरला. त्यांनी स्टूल काठीने सरकवले आणि डावा गाल उजेडाकडे करून बसले.

मावशी कागद हातात धरून तशीच उभी होती.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“कधीपासून?”

त्या दोन शब्दांत याचे उत्तर नव्हते. सिब्रांत नुसते तिच्याकडे पाहत राहिले. उजव्या डोळ्यात थोडी मिश्किली होती, पूर्वीसारखी, आणि तिला ती पाहवली नाही. तिने कागदाची घडी घालून तो एप्रनच्या खिशात कोंबला. छापाची अशी घडी घातलेली पाहून योरिस नकळत एक पाऊल पुढे आला.

“काढ काय काढायचं ते,” ती स्वयंपाकघराकडे जाताना म्हणाली. “त्यांचा शब्द मोडणारी मी कोण? पण मी बघणार नाही. माझ्यापुढे आणूसुद्धा नकोस.”

आतून भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

योरिसने घरी येऊन पत्र्यावरचा चेहरा खरवडून काढला. टोपी राहिली, कॉलर राहिली, आणि मध्ये ओकाबोका खळगा पडला. पत्रा पालथा करून त्याने हातोडीने हलके हलके ठोकत तो खळगा वर उचलला, घासून गुळगुळीत केला, मेणाचा लेप दिला आणि मेणबत्तीच्या धुराने तो काळा केला. त्याची बायको आल्त्ये शाईचे हात पुसत बघत उभी होती. छापखान्याचे सगळे काम तिचे. दाबयंत्राचे चाक फिरवून फिरवून तिचे दंड नवऱ्यापेक्षा जाड झाले होते आणि तिला त्याचा अभिमान होता.

“पातळ झालंय हां तांबं,” ती म्हणाली. “आणखी एकदा खरवडलंस तर उपदेशकांच्या तोंडातून पलीकडचं दिसेल.”

“आता खरवडायची वेळ येणार नाही.”

“हे मागच्या वेळीही म्हणाला होतास.”

तिचे खरे होते, म्हणून योरिसने सुईला धार लावायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पत्रा घेऊन सिब्रांतांसमोर बसला. एरवी तो आधी कागदावर चित्र काढी आणि मग ते उलटे करून तांब्यावर उतरवी, कारण तांब्यावर जे डावीकडे असते ते छापताना उजवीकडे जाते. या वेळी त्याला मध्ये कागद नको होता. एकदा कागदावरून काढून फसला होता. आता डोळा, सुई आणि समोरचा माणूस, बस्स.

सुरुवात त्याने सवयीने उजव्या बाजूने केली आणि लगेच अडला. उजवी बाजू मदत करायला लागली होती. भुवई जरा वर जाई, ओठाचा कोपरा घट्ट होई, डोळा विचारमग्न होई. चित्राला बसलेले सगळेच असे करतात. मोठमोठे शहाणे लोक करतात, आणि सिब्रांतही शेवटी माणूसच होते. योरिस थांबला. सुई बोटांत फिरवत त्याने नजर डावीकडे नेली.

आजवर त्याने त्या बाजूकडे नीट पाहिलेच नव्हते. दारातून आत आले की सगळेच जण, मावशीच्या नादाने, उजव्या डोळ्याशी बोलत. त्याला वाटले होते, डावीकडे काही नसेल, विझलेल्या चुलीसारखे. पण तसे नव्हते. गाल खाली उतरला होता, पापणी अर्धी मिटली होती, ओठ एका कोपऱ्यात सैल पडला होता, आणि तरी त्या अर्ध्या चेहऱ्यावर कुणीतरी होते. तिथे आता काही आणता येत नव्हते, काही लपवताही येत नव्हते. आयुष्यभर एखाद्या वाटेने गाडी गेली की गाडी थांबल्यावरही चाकोरी राहते, तसे त्या कातडीखाली एका माणसाचे सगळे आयुष्य राहिले होते. कुणाचे मूल गेले म्हणून सांगायला आलेली आई, दारू सुटत नाही म्हणून रडलेला विणकर, लग्न मोडू का म्हणून विचारणारी पोर, या सगळ्यांसमोर जी पापणी अशीच अर्धी खाली येत असेल, ती आता कायमची तिथेच थांबली होती.

योरिस आणखी पुढे वाकला. त्याने खूप चेहरे काढले होते. नगरपालांचे, दारू गाळणाऱ्यांचे, त्यांच्या बायकांचे. ज्याच्या तोंडावर काहीच चढवलेले नाही असा चेहरा त्याने आजच पाहिला. त्याला एकदम लहान झाल्यासारखे वाटले, आणि बरे वाटले.

मग त्याला भान राहिले नाही. सुई मेणातून सरसर जात होती आणि तिच्यामागे तांब्याच्या लाल रेघा उघड्या पडत होत्या. पापणीखाली त्याने रेघाही मारल्या नाहीत, नुसते बारीक ठिपके दिले. गालाचा उतार जवळजवळ मोकळाच सोडला. आतून मावशी एकदा येऊन नवऱ्याच्या ओठाचा कोपरा रुमालाने टिपून गेली. पत्र्याकडे तिने पाहिले नाही. जाताना मात्र योरिसपुढे ताकाच्या कण्यांचा वाडगा आपटून गेली. तो खायला त्याला सुचले नाही.

“दमलात का, काका?” खूप वेळाने त्याने विचारले.

“नाही.”

“मी दमलो.”

“हो,” सिब्रांत म्हणाले, आणि त्यांच्या घशात हसल्यासारखा आवाज झाला.

तेजाबाच्या तबकाशी तो पिसाने बुडबुडे सारत बसला, तेव्हा आल्त्येला त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. डोळ्याभोवतीचा भाग त्याने लवकर झाकला, टोपीची सावली तेजाबाला उशिरापर्यंत खाऊ दिली. मेण पुसल्यावर तिने शाई भरली, मलमलीने पुसली, मग तळहाताने पुसली, ओला कागद अंथरला आणि चाक फिरवले. कागद तिनेच उचलला.

ती काहीच बोलली नाही. आल्त्येच्या बाबतीत ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती की योरिस घाबरून पुढे आला.

“वाईट आलंय?”

“वाईट?” ती म्हणाली. “माझ्याकडे बघताहेत रे ते. मी आज सकाळी तुझ्यावर ओरडले ते यांना कळलंय.” मग तिने डोळे बारीक केले. “पण योरिस, त्यांची डावी बाजू गेलीय ना?”

“डावीच.”

“मग ही उजवी का पडलीय?”

योरिसने पाहिले आणि कपाळाला हात लावला. नुकता कामाला लागलेला पोरगाही ही चूक करत नाही. समोर बघून, जसे दिसले तसे, सरळ तांब्यावर काढले होते. छापताना चेहरा उलटला. सिब्रांतांच्या समोर बसले की त्यांची उतरलेली बाजू आपल्या उजव्या हाताला येते; कागदावर ती डाव्या हाताला आली होती, आणि चांगली बाजू तिच्या जागी गेली होती.

“काढ पुन्हा,” आल्त्ये म्हणाली, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता. तांबे आता सोसणार नव्हते, आणि नवा पत्रा घेतला तरी ती सकाळ पुन्हा मिळेल याची योरिसला खात्री नव्हती.

तो कागद घेऊन गेला तेव्हा सिब्रांत जेवून टेबलाशी बसले होते आणि मावशी त्यांच्या उजव्या अंगाला राईच्या पावाचे तुकडे गोळा करत होती. योरिसने आधी चूक सांगून टाकली. डावे उजवे झाले आहे, दोष माझा आहे, मंडळीला पटले नाही तर मी काम सोडीन. मग त्याने कागद सिब्रांतांपुढे ठेवला.

सिब्रांत खाली वाकले. त्यांनी नीट पाहिले. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. बोटाने कागद टेबलावरून हळूच सरकवला, बायकोपुढे.

“मी बघणार नाही म्हणाले होते,” मावशी म्हणाली.

तिने मान फिरवली नाही, पण डोळे खाली गेले. आणि गेले ते सवयीने, नवऱ्याकडे पाहताना रोज जायचे तसे, तिच्या डाव्या हाताच्या बाजूला. तिथे चांगला गाल असायचा, तिच्याशी बोलणारा डोळा असायचा. कागदावर त्या जागी दुसरी बाजू होती. चुकवायला वेळच मिळाला नाही. हिवाळाभर जिला तिने टिपले, पुसले, झाकले, पण पाहिले नाही, ती अर्धी मिटलेली पापणी सरळ तिच्या समोर आली.

मावशीच्या हातातले पावाचे तुकडे पुन्हा टेबलावर पडले. ती खाली वाकली. तिने बोट पुढे नेले आणि कागदाला न लावता तसेच वर धरून ठेवले.

“असे बसले होते,” ती म्हणाली.

योरिसला कळले नाही. “कोण, मावशी?”

“हे. आमच्या घरी मला बघायला आले तेव्हा.” ती कागदाशीच बोलत होती. “आमचे बाबा सगळी संध्याकाळ कापड पांढरं करण्याबद्दल बोलत होते. कुठला सोडा चांगला, कुठलं ताक चांगलं, ऊन किती लागतं. आम्ही सगळी कंटाळून मरायला टेकलो होतो. आणि हे एक अक्षर बोलले नाहीत. असे बसून ऐकत होते. ही पापणी अशी. कुणी माझ्या बाबांचं आजवर इतकं ऐकलं नव्हतं. बाबा शेवटी रडायलाच लागले. सोड्याबद्दल बोलता बोलता, माझ्या आईच्या आठवणीने. आणि मी आत जाऊन मोठ्या बहिणीला सांगितलं, मी लग्न करीन यांच्याशी.”

ती थांबली. वर धरलेले बोट तिने मागे घेतले.

“नंतर सगळं गाव यांच्या बोलण्याबद्दलच बोलायला लागलं,” ती म्हणाली. “मीसुद्धा. मला वाटलं, बोलणं गेलं म्हणजे हेच गेले. आणि मी कुणाशी लग्न केलं होतं ते विसरूनच गेले बघ. हा माणूस तर इथेच होता. इतके दिवस बसून माझं ऐकत होता. माझं एकेक खोटं.”

सिब्रांतांनी उजवा हात तिच्या हातावर ठेवला. मावशीने तो क्षणभर राहू दिला. मग ती उठली, त्यांच्या कॉलरला बोट लावून तिने ती सरळ केली, आणि त्यांच्या काखेत हात घातला.

“योरिस, ती खुर्ची घे,” ती म्हणाली. “जड आहे, दोन्ही हातांनी उचल. छाप काढतोस की कापूस पिंजतोस?”

खुर्ची तिने घराबाहेर ठेवायला लावली, भिंतीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून. सिब्रांतांना सांभाळून बसवले, गुडघ्यांवर घोंगडी टाकली आणि पायांखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. दुपार होती. सगळी आळी येत-जात होती. पलीकडच्या दारात पाववाला पिठाच्या हातांनी उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदाच बोलायला काही सुचले नाही.

कापड उन्हात पांढरे करायच्या मैदानावरचा एक गडी, मंडळीतलाच, खांद्यावर ओल्या कापडाचे गाठोडे घेऊन चालला होता. सिब्रांतांना पाहून तो थबकला. त्याने टोपी काढली, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि नजर कुठे ठेवावी हे न कळून ती मावशीकडे वळवली.

“कसे आहेत आता उपदेशक?” त्याने विचारले. “येत्या रविवारी बोलतील का?”

“नाही,” मावशी म्हणाली. “रविवारी नाही आणि पुढेही नाही. बोलणं संपलं त्यांचं.”

गडी टोपी चुरगाळत उभा राहिला. जावे की थांबावे ते त्याला कळत नव्हते.

“पण तुझं काही असेल तर सांग ना,” ती म्हणाली, आणि दाराजवळचे बाक तिने स्वतः ओढून सिब्रांतांच्या डाव्या अंगाला लावले. “इकडून बस. इकडून नीट ऐकतात.”

त्याने गाठोडे पायरीवर ठेवले. इकडेतिकडे पाहिले. मग तो बसला, आणि थोड्या वेळाने खालच्या आवाजात बोलायला लागला.